पाण्याची तारीख विचारली, तर मी निगेटिव्ह?

सिंहगड रस्त्याच्या टोकाला, किरकटवाडी परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

वय 41, खासगी शाळेत शिक्षिका. यजमान हिंजवडीत नोकरीला, मुलगी सातवीत. फ्लॅटचे हप्ते अजून बरीच वर्षं चालतील. खडकवासला धरण स्कूटरवरून दहा मिनिटांवर आहे, पण सोसायटीत पाणी येतं ते टँकरने, आणि मेंटेनन्सचा मोठा हिस्सा त्यातच जातो. जानेवारी 2026 मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक झाल्यावर भागातल्या एका नेत्याने 'हळदी-कुंकू आणि आभार मेळावा' घेतला. वाण म्हणून स्टीलचा डबा दिला आणि भाषणात सांगितलं, "पाण्याची काळजी आता माझी. तुम्ही फक्त सकारात्मक राहा. विचार बदला, पुणे बदलेल." बाईंनी माईक मागून घेऊन विचारलं, "भाऊ, आमच्या नळाला पाणी कोणत्या महिन्यात येईल?" त्यावर उत्तर मिळालं, "ताई, सणासुदीला एवढं निगेटिव्ह बोलू नये." बायका हसल्या. त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं, की ग्रुपवर पाण्याविषयी लिहू नका, फ्लॅटचे भाव पडतात.

घरीही तेच. यजमान दोन वर्षांपासून एका लाइफ कोचच्या शिबिरांना जातात. फ्रिजवर '21 दिवस तक्रार नाही' असा तक्ता लावलाय. जो तक्रार करेल त्याने ओट्यावरच्या बरणीत दहा रुपये टाकायचे. बरणीत जवळजवळ सगळे पैसे बाईंचेच आहेत. परवा मुलगी म्हणाली, "आई, तुझ्यामुळे घरातली व्हायब्रेशन्स बिघडतात." बाई विचारतात, "माझा स्वभावच वाईट आहे का? आता गप्प बसावं, की भांडत राहावं? माझे मिस्टर आणि तो नेता, मला तर दोघंही एकाच माळेचे मणी वाटतात."

---

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या बरणीपाशी अडले. 'आज टँकर आला नाही' म्हणालात म्हणून दहा रुपये. 'पाण्याला वास येतोय' म्हणालात म्हणून आणखी दहा. यातली दुसरी गोष्ट तर घरातल्या कुणीतरी बोलायलाच हवी होती. तुम्ही राहता त्याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूला, जानेवारी 2025 मध्ये गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली होती. रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली. काहींचे प्राण गेले, काही जण कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर होते. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू सापडला. या भागातल्या गावांना विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरिन टाकून पुरवलं जात होतं, हेही तेव्हाच सगळ्यांना कळलं. अशा ठिकाणी पाण्याला वास येतोय हे बोलायची चोरी झाली, तर त्या घराचं भलं होत नाही. टँकर आला नाही हे कळलं तर आज कपडे धुवायचे नाहीत हे ठरवता येतं. ही माहिती आहे आणि घर माहितीवर चालतं. तेव्हा पहिली गोष्ट, या दोन वाक्यांचा दंड यापुढे भरू नका. का भरणार नाही, ते यजमानांना शांतपणे, याच शब्दांत सांगा.

आता तुमचा प्रश्न. स्वभाव वाईट आहे का? तुम्ही मेळाव्यात काय विचारलंत ते पुन्हा वाचा. 'कोणत्या महिन्यात येईल?' पाणी येणारच नाही असं तुम्हाला वाटत असतं, तर तुम्ही महिना विचारलाच नसता. जिची आशा संपलेली असते ती बाई डबा घेते, कुंकू लावून घेते आणि घरी जाते. तिथे हसलेल्या बायकांपैकी कितीजणी तशा होत्या, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. पण त्या सगळ्या तुमच्या विरोधात होत्या असं धरून चालू नका. माईकवरून कुणाची फजिती होते तेव्हा माणसं हसतात, आपली पाळी आली नाही म्हणून. त्यांच्याही घरी टँकरचंच पाणी आहे.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. यजमान आणि तो नेता एकाच माळेचे मणी नाहीत. शब्द तेच आहेत, पण ते वापरणाऱ्यांची जागा वेगळी आहे, आणि या सगळ्या प्रकरणात ही जागाच महत्त्वाची आहे.

यजमानांचं बघा. रोज किरकटवाडी ते हिंजवडी आणि परत. डोक्यावर हप्ते, कंपनीत कधी कुणाला नारळ मिळेल याची धास्ती. हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, पण तक्ता लावण्यामागे मला ते दिसतं. या माणसाला कुठेतरी सांगितलं गेलं, की सकाळी उठून पाच चांगल्या गोष्टी लिहा, चाळीस मिनिटं चाला, कुरकुर कमी करा. त्यातून त्याला बरं वाटलं. हे खोटं नाही. स्वतःची झोप, स्वतःचं वजन, स्वतःचा राग, अभ्यास, व्यसन, अशा ज्या गोष्टींची किल्ली आपल्या खिशात असते तिथे मनाची मशागत खरोखर उपयोगी पडते. शिबिरांना जाणाऱ्या माणसांना नावं ठेवण्याची आपल्याकडे एक फॅशन आहे, ती मला आवडत नाही. माणूस बुडताना जे हाताला लागतं ते धरतो.

घोटाळा होतो तो पुढे. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असलेल्या गोष्टींनाही तोच धडा लावला जातो. जलवाहिनी तुमच्या यजमानांच्या विचारांनी येणार नाही. ती निविदा निघाल्यावर, काम झाल्यावर, टाकी भरल्यावर येईल. आणि ज्याच्या खिशात ती किल्ली आहे, निदान किल्लीपर्यंत ज्याचा हात पोचतो, तोच जर समोरच्या बाईला 'विचार बदला' म्हणत असेल, तर त्याने आपलं काम उचलून तिच्या मनावर टाकलं. पाणी नाही आलं तर कमी पडली तुमची श्रद्धा! मला राग येतो तो याचा. यजमान स्वतःला सांगतात ते वेगळं, आणि सत्तेतला माणूस नागरिकाला सांगतो ते वेगळं.

शिबिरांत शिकवतात त्यातल्या एका गोष्टीची तपासणीही झालेली आहे. गॅब्रिएल ऑटिंजन या जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी थॉमस वॅडन यांच्याबरोबर वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तो 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला जमेल असा अंदाज ज्यांनी बांधला होता त्यांचं वजन जास्त उतरलं. पण ज्या नुसतीच सुंदर चित्रं रंगवत होत्या, मी कशी बारीक झालेय, सगळे कसे बघतायत, त्यांचं कमी उतरलं. पुढे त्यांनी हेही दाखवलं, की इच्छेचं चित्र रंगवल्यावर लगेच वाटेतली अडचण डोळ्यांसमोर आणली आणि तिच्यावरचा उपाय ठरवला, तर माणूस कामाला लागतो. यजमानांना हे वाचायला द्या. त्यांना खोटं पाडायला नाही. त्यांच्या वहीत 'इच्छा' या रकान्याशेजारी 'अडचण' हा रकाना आखण्यासाठी.

आता त्यांच्याच वहीचा आणखी एक उपयोग सांगते. कुठल्याही शिबिरात पहिल्याच दिवशी शिकवतात, ध्येय कागदावर लिहा, आकड्यात लिहा, तारीख घाला, दर आठवड्याला तपासा. 'मला श्रीमंत व्हायचंय' असं लिहिलं तर कोच वही परत देतो. मग नेत्याचं भाषण यजमानांपुढे ठेवा आणि म्हणा, हे तुमच्या नियमाने तपासून द्या. 'विचार बदला, पुणे बदलेल' यात आकडा कुठे आहे? तारीख? पैसे कुठल्या अंदाजपत्रकातून? कोण तपासणार? तुम्ही मेळाव्यात जे विचारलंत तेच तर कोच दर शनिवारी विचारतो. आपल्या नेत्यांनी या विचारसरणीतला फक्त सूर उचललाय. तिची शिस्त, म्हणजे तारीख आणि तपासणी, तेवढी मंचाखाली राहून गेली.

हे आजचं नाही आणि एका पक्षाचंही नाही. 2004 च्या आसपास मुंबईचं शांघाय होणार होतं. आता ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था आणि 2047 चा विकसित महाराष्ट्र. मोठं स्वप्न बघायला माझी हरकत नाही. राज्य चालवणाऱ्याने वीस वर्षांपुढचं बघितलंच पाहिजे. पण 2047 मध्ये तुमची सातवीतली मुलगी 33 वर्षांची असेल, आणि आज भाषण करणाऱ्यांपैकी बहुतेकजण तेव्हा उत्तर द्यायला जागेवर नसतील. त्याउलट जवळची तारीख घातली की हिशेब मागता येतो. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं ते 'टंचाईमुक्त महाराष्ट्र 2019' अशा घोषणेने. साल लिहिलेलं होतं, म्हणून तपासता आलं, आणि 2020 मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने लिहून ठेवलं की साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात फारसा फरक पडला नाही. त्याआधी दुसऱ्या पक्षांचं सरकार होतं, तेव्हा 2011-12 च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दिसलं, की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम 0.1 टक्क्याने वाढलं. त्यावर एवढं वादळ उठलं की सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. दोन्ही वेळा भाषणं उत्साहाचीच होती. प्रश्न विचारता आले ते आकड्यांमुळे.

आणि पूर्ण झालेली कामंही आहेत, ती मोजली नाहीत तर आपणही अप्रामाणिक ठरू. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर 2016 मधली. पहिले तुकडे मार्च 2022 मध्ये सुरू झाले, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग सप्टेंबर 2024 मध्ये. उशीर झाला, पण झालं. कारण तिथे करार होते, स्थानकांची यादी होती, पैशांची सोय कागदावर होती आणि मुदत चुकली की वर्तमानपत्रात बातमी येत होती. पुण्यात काहीच होत नाही हे जे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय ते रागाने लिहिलंय, असं मी समजते.

आता पाणी. 'कोणत्या महिन्यात' हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला हसून टाळता येतं. टाळता येणार नाही असा प्रश्न विचारायचा, तर पाणी कुठे अडलंय ते माहीत हवं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठवण क्षमता साधारण 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट. हे पाणी एकट्या पुण्याचं नाही, मुठा उजव्या कालव्याने ते दौंड-इंदापूरच्या शेतीलाही जातं. म्हणजे धरण भरलं की आपला नळ वाहील हा हिशेब बरोबर नाही. धरण आणि तुमचा नळ यांच्या मध्ये पाच पायऱ्या आहेत. पाणी कुठल्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणार, तिथून मुख्य जलवाहिनी, मग उंचावरची टाकी, मग गल्लीतल्या वितरण वाहिन्या आणि शेवटी सोसायटीचा नळजोड. तुमच्या भागाचं काम यातल्या कुठल्या पायरीवर आहे, हे आज सोसायटीत कुणालाच माहीत नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. नेत्यालाही माहीत असेलच असं नाही.

शहराची समान पाणीपुरवठा योजना तुम्ही ऐकली असेल, चोवीस तास पाण्याची. तिच्यासाठी महापालिकेने जून 2017 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे काढले होते. ठरलेल्या मुदती उलटून गेल्या. शिवाय ती आखली तेव्हा किरकटवाडी महापालिकेत नव्हतीच. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं आली आणि 30 जून 2021 ला आणखी 23, त्यात तुमचं गाव. त्यानंतर मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे गाव शहरात आलं आणि वर्षभराच्या आत विचारायला नगरसेवकच उरला नाही. तुमची चीड कुठून आली हे मला यातून कळतं. आता माणसं निवडून आलीत. विचारण्याची वेळ आत्ता आहे, पाच वर्षांचं पहिलं अंदाजपत्रक होत असताना.

कसं विचारायचं? याचं उत्तर पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी देऊन झालंय. 2 एप्रिल 1870 ला इथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतं पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम केला. सभासद व्हायचं तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. 95 सभासद मिळून सहा हजारांच्या वतीने बोलत होते. पुढे 1876 ते 78 च्या दुष्काळात याच सभेने गावोगाव माणसं पाठवली, पीक किती बुडालं, धान्याचा भाव काय, मजुरी काय मिळते हे लिहून आणलं आणि सरकारपुढे ठेवलं. मागणीला मागे माणसं हवीत आणि हातात नोंद हवी, हे त्यांना कळलं होतं. मेळाव्यात तुमच्याकडे दोन्ही नव्हतं. माईक नेत्याचा, मांडव नेत्याचा, आणि तुम्ही एकट्या. प्रश्न बरोबर होता, जागा चुकली, असं मला वाटतं.

तेव्हा पुढच्या महिनाभरात एवढं करून बघा. वॉचमनकडे टँकरची वही असतेच, बहुतेक ठिकाणी नुसती सही असते. ती नीट आखा: तारीख, गाडीचा नंबर, किती लिटर, किती रुपये, पाणी कुठून भरलं. शेवटच्या रकान्यात ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का ते बघणाऱ्या चाचणीचा निकाल. ओटीचं किट महाग नसतं. नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का ते तक्त्याशी ताडून बघायचं. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे घरातल्या नळापाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवं. रंगच आला नाही तर ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि टँकरवाल्याला तिथेच विचारायचं. हे काम मुलीला द्या. सातवीतल्या मुलीला ते आवडेल. घरात 'व्हायब्रेशन्स' हा शब्द आहे, त्याच्या जोडीला तिच्या हातात मोजमापही येऊ दे.

दुसरं, बिल्डरचं हमीपत्र शोधा. महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय मी करीन, अशी हमी बांधकामाची परवानगी घेताना विकसकाकडून लिहून घेतली जाते. ती फाइलमध्ये पडून राहते, आणि सोसायटी हस्तांतरित झाली की टँकरचं बिल सभासद भरतात. तुमच्या इमारतीला परवानगी कुणी दिली, महापालिकेने की आधीच्या यंत्रणेने, त्यावर कागद कुठे मिळेल ते ठरेल. कागद हातात आल्यावर वकिलाला दाखवा, त्याआधी भांडू नका.

तिसरं, माहिती अधिकाराचा अर्ज. पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा, शुल्क दहा रुपये, म्हणजे तुमच्या बरणीतल्या एका दंडाएवढं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. 'पाणी का येत नाही' असं विचारू नका. 'का' ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. म्हणून कागद मागा: किरकटवाडीसाठीच्या पाणी योजनेचा प्रकल्प अहवाल, कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या आदेशाची) प्रत, त्यातली कामाची मुदत, आजवरचा खर्च, मुदतवाढ दिली असेल तर तिचं पत्र, आणि चालू अंदाजपत्रकातली तरतूद. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. यातून तुम्हाला तुमच्या पाच पायऱ्यांपैकी कुठली अडलीय ते कळेल.

मग सह्या. पन्नास पुरे. तुमच्या एका सोसायटीत नाही जमल्या तर शेजारच्या दोन घ्या. पत्र तुमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना द्या, एकालाच नको. त्यांच्यात पक्ष वेगळे असतील तर उत्तमच. पत्राची सुरुवात रागाने करू नका. 'आभार मेळाव्यात आपण पाण्याची जबाबदारी स्वतःवर घेतलीत, त्याबद्दल आभारी आहोत' असं लिहा, आणि ते मनापासून लिहा. जाहीरपणे शब्द दिलाय तर तो खरा धरून पुढे जाणं हा त्या माणसाचाही मान आहे. त्याखाली पाच पायऱ्या, प्रत्येकीपुढे तारखेची मोकळी जागा. आवक क्रमांक घेऊन पोच घ्या. वर्षातून एकदा महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, 2006-07 पासून पुण्यात ही पद्धत आहे. पण त्यात लहान कामं बसतात, मुख्य जलवाहिनी नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

अध्यक्षांचं काय करायचं? फ्लॅटचे भाव पडतील ही त्यांची भीती खोटी नाही, पण पुण्यात घर बघायला येणारा माणूस पार्किंगच्या आधी विचारतो, 'कॉर्पोरेशनचं पाणी आहे का?' ग्रुपवर गप्प बसल्याने ते लपत नाही. त्यांना सांगा, ग्रुपवर मी लिहिणार नाही, पण वही, अर्ज आणि पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ दे. सभेत ठराव करून घ्या. बऱ्याच अध्यक्षांना विरोध करायचा नसतो, फक्त आपल्या नावावर काही यायला नको असतं.

गप्प बसण्याचा पर्यायही तुम्ही विचारलाय, आणि तो मी उडवून लावणार नाही. नोकरी, घर, मुलीचा अभ्यास, त्यात ही लढाई. थकलात तर सहा महिने वही दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. त्यात कमीपणा नाही. रात्री झोप लागत नसेल, जेवताना, गाडीवर, शाळेत सगळीकडे हाच विषय डोक्यात फिरत असेल, तर तो मर्यादेत ठेवायला हवा. घरात पाण्याचं बोलणं दिवसातून एकदा, रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं, वही समोर ठेवून. एरवी नाही. यजमानांची यातली तक्रार मला मान्य आहे, कारण तुम्हीच लिहिलंय की सकाळी डोळे उघडल्यापासून तुम्ही टँकरवर बोलता. त्या माणसालाही घरी आल्यावर श्वास घ्यायला जागा हवी. पण गप्प बसलात तर ते विश्रांतीसाठी असू दे. नेत्याने म्हटलं म्हणून, किंवा मुलीच्या नजरेत चांगली आई ठरण्यासाठी नको.

मुलीशीही बोला, यजमान समोर नसताना नव्हे, असताना. तिला विचारा, वर्गात फळा दिसत नसेल तर तू बाईंना सांगशील की फळा दिसतोय असं मनात म्हणशील? तिचं उत्तर तिला देऊ दे. आणि यजमानांना एकच विनंती करा, की सह्यांच्या पत्रावर पहिली सही त्यांची हवी. 'मला पटत नाही' म्हणाले तर वाद घालू नका, महिन्याने वही दाखवून पुन्हा विचारा. आकड्यांवर विश्वास असलेला माणूस आहे, कामही तसंच करतो.

असंच पत्र मला नवी पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून येतं, म्हणून त्या मुलामुलींसाठीही दोन ओळी. 'मेहनत करा, यश मिळतंच' हे तुम्हाला क्लासच्या भिंतीवर वाचायला मिळतं आणि मंत्र्यांच्या भाषणातही ऐकायला मिळतं. मेहनत तुमच्या हातात आहे, जाहिरात किती जागांची निघणार आणि परीक्षा कधी होणार हे नाही. मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. त्यांची मागणी साधी होती, तारीख सांगा. दुसऱ्याच दिवशी 21 मार्च ही तारीख जाहीर झाली, आणि परीक्षा त्या दिवशी झाली. ती मुलं निगेटिव्ह असती तर पुस्तकं रद्दीत घालून गावी गेली असती. तुमची सकारात्मकता अभ्यासाच्या टेबलासाठी ठेवा. वेळापत्रकाचा प्रश्न आला की एकत्र या आणि लेखी मागा.

ताई, अर्ज दिल्यापासून तीस दिवस कॅलेंडरवर मोजा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यानंतरच्या तीस दिवसांत त्याच विभागाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, शुल्क वीस रुपये. तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. आयोगाकडे वेळ लागतो, म्हणून पहिलं अपील काळजीपूर्वक लिहा. कार्यादेशाची प्रत हातात आली की मला पाठवा. तुमचं नाव गाळून त्यातली मुदत इथे छापू, आजूबाजूच्या गावांतल्या सोसायट्यांनाही ती लागेल. आणि पाणी उकळूनच प्या, फिल्टर असला तरी.